वाजवणाऱ्यांचे हात बघा

मागच्या अंकात मी अमेरिकेतल्या स्टेज बँडच्या अगदी सुरुवातीच्या बोलत्या फिल्मबद्दल लिहिलं होतं. आठ-दहा मिनिटांच्या छोट्या फिल्म. व्हॉडव्हिलच्या, म्हणजे तिथल्या विविध करमणुकीच्या कार्यक्रमांच्या, रंगमंचावर वाजवणारे बँड त्यांत जसेच्या तसे टिपलेले आहेत. त्यावर बरीच पत्रं आली. जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले तेवढे इथे घेतो. मी आयुष्यभर ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवले, त्यामुळे माझी नजर आधी वाजवणाऱ्याकडे जाते. उत्तरंही त्याच बाजूने येतील.

प्रश्न (कराड): आमचं लग्नाचं बँडपथक आहे, मी क्लॅरिनेट वाजवतो. तुमचं लेखन वाचून मुलाने फोनवर १९२८ची एक फिल्म लावून दिली. दहा-बाराजण सूट घालून वाजवतायत. हे खरंच वाजवतायत, की आपल्या सिनेमांसारखं मागे रेकॉर्ड आणि पुढे नुसती बोटं?

खरंच वाजवतायत. तुम्ही ऐकलात तो सूर त्याच क्षणी, त्याच फुंकरीतून निघालेला आहे.

१९२६ साली वॉर्नर ब्रदर्सने वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या यंत्रांवर ‘व्हायटाफोन’ नावाची पद्धत आणली. चित्र नेहमीसारखं फिल्मवर आणि आवाज वेगळ्या तबकडीवर. सुरुवातीच्या फिल्म ब्रुकलिनच्या जुन्या व्हायटाग्राफ स्टुडिओत आणि मग न्यू यॉर्कच्या मॅनहॅटन ऑपेरा हाउसमध्ये घेतल्या. बँड समोर उभा करायचा, वर मायक्रोफोन टांगायचा आणि वाजवायला सांगायचं. शेजारच्या खोलीत आवाज सरळ मेणाच्या तबकडीवर कोरला जाई. ती तबकडी एकदा लावून ऐकली की सुईने मेण खराब होई. म्हणून एकाच वेळी दोन तबकड्या कोरत, एक लगेच ऐकून बघायला आणि दुसरी साच्यासाठी.

आता विचार करा, मेणातला आवाज कापता येत नाही, जोडता येत नाही. सातव्या मिनिटाला ट्रम्पेटवाल्याची फुंकर फसली तर सगळ्यांनी पहिल्यापासून. आमच्या काळी स्टुडिओत एखादा तुकडा पुन्हा वाजवून मध्ये बसवता यायचा. या लोकांना तीही सोय नव्हती. स्टेजवर रोज दोनदा-तीनदा तोच कार्यक्रम करून तो हातात इतका बसलेला असे, म्हणूनच त्यांना हे जमलं.

आवाज कापता येत नाही, म्हणून कॅमेरे एकदम दोन-तीन चालवत. एक पूर्ण स्टेज घेणार, बाकीचे जवळून. नंतर त्या चित्रांचे तुकडे त्या एका तबकडीच्या मापाने जोडायचे. कॅमेऱ्याची खडखड मायक्रोफोनमध्ये जाऊ नये म्हणून कॅमेरा आणि कॅमेरामन दोघांनाही बंद खोपटात ठेवत, पुढे काच. आत हवा नाही, बाहेर प्रचंड दिव्यांची धग. कॅमेरा हलवणं अशक्यच. सिनेमाचे अभ्यासक या फिल्मना कंटाळवाण्या म्हणतात ते यासाठी, कॅमेरा खिळल्यासारखा उभा असतो म्हणून. मला त्यांचं म्हणणं अजिबात पटत नाही. कॅमेरा हलत नाही म्हणूनच आपल्याला शेवटच्या खुर्चीवरचा बँजोवाला अख्खी फिल्मभर दिसतो. तो कधी पायाने ठेका धरतो, कधी म्होरक्याकडे बघतो, कोणत्या जागी तार बोटाने दाबून बंद करतो, सगळं दिसतं. पुढे कॅमेरा मोकळा झाला आणि नायिकेच्या चेहऱ्याकडे गेला. वाजवणारा पुन्हा अंधारात.

बदल १९२९च्या सुमारास सुरू झाला. एमजीएमच्या ‘द ब्रॉडवे मेलडी’मधला एक नाच पुन्हा चित्रित करायचा होता. संगीत तर उत्तम रेकॉर्ड झालेलं होतं. मग तेच वाजवून त्यावर नाच घेतला. ती युक्ती सगळ्यांनी उचलली आणि हात आणि सूर यांची हळूहळू फारकत झाली. १९२६ ते १९२९ या तीन-चार वर्षांतल्या बँडच्या फिल्म मी जिवापाड जपाव्यात असं म्हणतो ते या कारणाने.

तुम्ही स्वतः पारखून घ्या. क्लॅरिनेटवाल्याचे ओठ आणि छाती बघा. तो श्वास घेतो तिथेच ओळ तुटते का? वरच्या सुरांकडे जाताना डाव्या अंगठ्याची चावी दाबली जाते का? तुमच्याइतकं हे दुसऱ्या कुणाला कळणार नाही.

ड्रमबद्दल मात्र मलाच सांगू द्या. १९२५पर्यंत ग्रामोफोनचं रेकॉर्डिंग पत्र्याच्या भोंग्यासमोर होत असे. बेस ड्रमचा जोराचा ठोका पडला की कोरणारी सुई उडायची भीती. म्हणून ड्रमरला सांगत, मोठा ड्रम राहू दे, लाकडी ठोकळ्यावर वाजव, झांज मारून लगेच हाताने दाब. त्या रेकॉर्डी ऐकून पुढच्या कित्येकांचा समज झाला की त्या काळचे ड्रमर नुसतं टकटक करत. व्हायटाफोनमध्ये तोच माणूस पूर्ण सेट घेऊन बसलेला दिसतो. बेस ड्रम केवढा, तर अठ्ठावीस इंचांपर्यंतचा. त्याच्या पुढच्या तोंडावर बऱ्याचदा रंगवलेलं निसर्गचित्र, तळं, डोंगर, चंद्र. वर एका पट्टीवर ठोकळे, घंटा, चिनी टमटम. आणि ड्रमच्या पोटात विजेचा दिवा! दिव्याने चित्र उजळायचं, पण त्याचं खरं काम वेगळं होतं. तोंडाला वासराचं कातडं, दमट हवेत ते सैल पडे, दिव्याच्या उबेने ताणलेलं राही. गणपतीच्या कार्यक्रमांत आमचे ढोलकीवाले विंगेतल्या बल्बखाली ढोलकी धरून बसायचे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

प्रश्न (पुणे): व्हॉडव्हिल म्हणजे त्यांचा तमाशाच म्हणायचा का?

तसं म्हणू नये. तमाशाला गण आहे, गौळण आहे, बतावणी आहे, शेवटी वग आहे. एक क्रम आहे आणि त्यामागे एक फड आहे. व्हॉडव्हिलमध्ये एका कार्यक्रमाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नाही. आठ-दहा वेगवेगळे कलावंत, प्रत्येकाला दहा-पंधरा मिनिटं. डोंबारी, गायिका, विनोदी जोडगोळी, शिकवलेले कुत्रे, जादूगार, बँड. प्रत्येकजण स्वतंत्र करारावर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बी. एफ. कीथसारख्या नाट्यगृहमालकांनी ‘घरच्या मंडळींना घेऊन या’ असा स्वच्छ कार्यक्रम म्हणून हा प्रकार वाढवला. नाट्यगृहांच्या साखळ्या बांधल्या. एकदा साखळीत नाव लागलं की वर्षभर गावोगाव फिरायचं, आठवडाभर एका गावात, मग पेटी बांधून पुढच्या गाडीत. न्यू यॉर्कचं पॅलेस थिएटर १९१३ साली सुरू झालं. तिथे वाजवणं हे प्रत्येकाचं स्वप्न.

बँड आधी स्टेजपुढच्या खड्ड्यात बसायचा आणि दुसऱ्यांना साथ करायचा. १९२०नंतर डान्स बँड इतके लोकप्रिय झाले की ते स्वतःच एक कार्यक्रम बनले. शिकागोत पॉल अ‍ॅश नावाच्या बँडप्रमुखाने १९२५च्या सुमारास मॅकव्हिकर्स थिएटरमध्ये बँडला खड्ड्यातून उचलून स्टेजवर बसवलं आणि निवेदन स्वतः हाती घेतलं. सिनेमाच्या आधी तासभर त्याच्या बँडचा कार्यक्रम, गाणारे-नाचणारे सगळे त्याने पुकारायचे. लोकांनी गर्दी केली आणि देशभरच्या मोठ्या सिनेमागृहांनी तीच चाल उचलली. पश्चिम किनाऱ्यावर रूब वुल्फ हे असंच गाजलेलं नाव.

स्टेजवर बसलं की नुसतं वाजवून भागत नाही, दिसावंही लागतं. म्हणून या फिल्मांत टोप्या बदलणं आहे, कर्ण्यातून गाणं आहे, ट्रॉम्बोनवाले एका तालात नळ्या वर-खाली करतात, मध्येच ड्रमर उठून नाचतो. काही वाचकांनी याला ‘माकडचेष्टा’ म्हटलंय. कृपा करून तसं म्हणू नका. अकराव्या रांगेत बसलेल्या माणसाला तिकिटाचे पैसे वसूल झाले पाहिजेत, ही जबाबदारी त्या लोकांनी अंगावर घेतली होती. टोपी बदलताना त्यांचा ठेका हलत नाही, ते बघा.

प्रश्न (ठाणे): पहिला बोलपट ‘द जॅझ सिंगर’, १९२७. मग त्याआधीच्या फिल्म कशा?

‘द जॅझ सिंगर’ ६ ऑक्टोबर १९२७ला आला आणि त्यातल्या अल जोल्सनच्या गाण्या-बोलण्याने लोक वेडे झाले. पण व्हायटाफोनचा पहिला खेळ त्याआधी चौदा महिने, ६ ऑगस्ट १९२६ला न्यू यॉर्कमध्ये झाला. मुख्य चित्रपट ‘डॉन जुआन’, आणि त्याच्या आधी छोट्या फिल्म. न्यू यॉर्क फिलहार्मोनिक, व्हायोलिनवर मिशा एल्मन, ऑपेरातले मार्टिनेली अशी मोठी मंडळी होती. त्यांच्यात व्हॉडव्हिलमधला रॉय स्मेक हवाईयन गिटार, युकुलेली, बँजो आणि माउथ ऑर्गन घेऊन आला.

त्याच्याही आधी ली डी फॉरेस्टने फोनोफिल्म आणली होती, तिचा पहिला जाहीर खेळ १५ एप्रिल १९२३. तिच्यात आवाज फिल्मच्याच कडेला छापलेला, आपल्या थिएटरांत पुढे वर्षानुवर्षं चालला तसा. बेन बर्नी आणि त्याचा बँड या पद्धतीने १९२४-२५च्या सुमारास चित्रित झाला. पियानोवर तरुण ऑस्कर लेव्हँट आहे. आणि अगदी मुळाशी जायचं तर एडिसनकडे काम करणाऱ्या डिक्सनने १८९४-९५च्या सुमारास भोंग्यापुढे उभं राहून स्वतः व्हायोलिन वाजवलं, ते सिलिंडरवर आणि फिल्मवर एकाच वेळी घेतलंय. बाजूला दोन पुरुष एकमेकांना धरून नाचतायत. म्हणजे सिनेमाने पहिला सूर टिपला तोही समोर उभ्या असलेल्या वादकाचाच.

प्रश्न (नाशिक): मी एकोणीस वर्षांची आहे, सॅक्सोफोन शिकते. घरचे म्हणतात हे मुलींचं वाद्य नाही. त्या काळी बायकांचे बँड होते का?

होते, आणि उत्तम होते. तुझ्या घरच्यांना ‘द बँड ब्यूटिफुल’ ही १९२८ची व्हायटाफोन फिल्म दाखव. बँडचं नाव ‘दि इंजेन्यूज’. शिकागोच्या वीसेक मुली. १९२५पासून बारा वर्षं त्या फिरत होत्या, न्यू यॉर्कचा नाट्यनिर्माता झीगफेल्ड याच्या १९२७च्या गाण्या-नाचाच्या रंगतदार कार्यक्रमात वाजवत होत्या, नंतर युरोप, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, ब्राझीलपर्यंत गेल्या. एकीला एकच वाद्य, हा हिशोब तिथे नव्हताच. सॅक्सोफोन खाली ठेवायचा, अ‍ॅकॉर्डियन उचलायचा, मग बँजो. एका कार्यक्रमात सगळा ताफा तीन-चार रूपं घेई.

एक गोष्ट सांगतो. १९३० साली या मुलींना विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या गोठ्यात नेऊन गाईंपुढे वाजवायला लावलं होतं, संगीताने गाई जास्त दूध देतात का हे बघायला. त्याचा फोटो फार प्रसिद्ध आहे, लोक हसून एकमेकांना पाठवतात. मला त्या फोटोचा राग येतो. ज्या मुली चार-चार वाद्यं हातखंडा वाजवत त्यांची जगाला ओळख काय, तर गाईंपुढे वाजवलेल्या मुली. फोटो बाजूला ठेव आणि फिल्म बघ. सॅक्सोफोनच्या रांगेतल्या मुलींचे खांदे बघ, किती सैल आहेत. फुंकर पोटातून येत असल्याशिवाय खांदे असे राहत नाहीत. हे तुझ्या गुरुजींनीही तुला सांगितलं असेल.

आणखीही नावं आहेत. ‘हॅरी वेमन अँड हिज डेब्युटंट्स’ १९२८ची, ‘ग्रीन्स ट्वेंटिएथ सेंच्युरी फेडेट्स’ १९२९ची. दुसरी तर ‘द जॅझ सिंगर’च्या २००७ सालच्या तीन डीव्हीडींच्या संचात आहे, त्यामुळे मिळायला सोपी. सॅक्सोफोन सोडू नकोस.

प्रश्न (नागपूर): जॅझ ही कृष्णवर्णीयांची कला. मग तुमच्या यादीत सगळे गोरे बँड कसे?

प्रश्न रास्त आहे आणि उत्तर कटू आहे. कॅमेऱ्यापुढे कुणाला उभं करायचं हे ठरवणारे गोरे होते. मोठ्या व्हॉडव्हिल साखळ्यांत कृष्णवर्णीय कलावंतांना मोजक्याच जागा मिळत. बाकीच्यांसाठी थिएटर ओनर्स बुकिंग असोसिएशनची वेगळी साखळी होती. तिथे पैसे कमी आणि प्रवास हालाचा. त्यावर आणखी अपमान असा, की गोरे नट तोंडाला काजळी फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करत आणि टाळ्या घेत. जोल्सनचं नाव त्यातच झालं. जुन्या फिल्म बघायच्या तर हे डोळ्यांसमोर येणार. त्याकडे काणाडोळा करू नये.

पण जे टिपलं गेलं ते बहुमोल आहे. नोबल सिसल आणि यूबी ब्लेक ही व्हॉडव्हिलमधली जोडी, सिसल गाणार, ब्लेक पियानोवर. काजळी न फासता, उंची सूट घालून ते मोठ्या साखळीच्या रंगमंचावर उभे राहिले. १९२१ साली ‘शफल अलाँग’ हे त्यांचं संगीत असलेलं नाटक ब्रॉडवेवर तुफान चाललं. १९२३ साली डी फॉरेस्टने दोघांना फोनोफिल्मवर घेतलं. म्हणजे व्हॉडव्हिलच्या सगळ्या बोलत्या फिल्मांतली ही अगदी पहिल्यांपैकी एक. तुम्ही ब्लेकचा डावा हात बघा. खालच्या पट्टीतून वर उडी, पुन्हा खाली, आणि नजर पट्ट्यांवर नाही, सिसलकडे. साथीदार कसा असावा ते त्या एका नजरेत आहे. १९२९ साली ‘ब्लॅक अँड टॅन’मध्ये ड्यूक एलिंग्टनचा बँड आला आणि त्याच वर्षी त्याच दिग्दर्शकाच्या, डडली मर्फीच्या, ‘सेंट लुईस ब्लूज’मध्ये बेसी स्मिथ. बेसी स्मिथ पडद्यावर आली ती तेवढीच. एवढी मोठी गायिका, आणि एकच छोटी फिल्म. किती जण फिल्मविनाच गेले असतील हा विचार मला स्वस्थ बसू देत नाही.

प्रश्न (मडगाव): माझे आजोबा मुंबईत हॉटेलांतल्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. आपल्याकडे अशा फिल्म का नाहीत?

कारण आपल्याकडे बोलपट आला तेव्हा वादकाला लपवायचीच पद्धत पडली. १४ मार्च १९३१ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला. गाणी चित्रणाच्या वेळीच रेकॉर्ड केलेली, व्हायटाफोनसारखीच. पण वादकाला कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर बसवलेलं. रेल्वेचा आवाज नको म्हणून चित्रण रात्री. पुढच्या वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला. संगीत गोविंदराव टेंब्यांचं आणि हरिश्चंद्राच्या भूमिकेतही तेच. केवढा मोठा पेटीवादक! पडद्यावर दिसतो तो राजा म्हणून. भूमिका तशीच होती, पण त्यांची पेटीवरची बोटं कुणी अशी दहा मिनिटं समोरून टिपून ठेवली असती तर आज किती जणांना शिकता आलं असतं. १९३५च्या ‘धूप छाँव’पासून पार्श्वगायन रूढ झालं आणि आपल्याकडेही चित्र आणि सूर कायमचे वेगळे झाले.

तुमच्या आजोबांच्या पिढीतला एकजण मात्र पडद्यावर आहे. चिक चॉकलेट, म्हणजे आल्दोनाचे आंतोनिओ झेवियर व्हाझ, ट्रम्पेटवाले. संगीतकार सी. रामचंद्रांचे, म्हणजे अण्णांचे, ते साहाय्यक. अण्णांच्या गाण्यांत जो पितळी वाद्यांचा झणका आहे तो बसवण्यात गोव्याच्या या मंडळींचा मोठा वाटा. भगवानदादांच्या १९५१च्या ‘अलबेला’मध्ये एका गाण्यात चिक आणि त्यांचा बँड झालरीच्या बाह्यांचे सदरे घालून समोर आहेत. सूर आधी रेकॉर्ड केलेला, तरी उभं राहणं, वाद्य उचलणं, एकमेकांकडे बघणं खरं आहे, कारण ती माणसं खरी वाजवणारी आहेत. आजोबांचे फोटो, कराराचे कागद, लिहिलेल्या नोटेशनच्या वह्या असतील तर कृपया रद्दीत घालू नका.

प्रश्न (न्यू जर्सी): तबकडी आणि फिल्म वेगळी असेल तर दोन्ही जुळवत कसं? आणि आज ती मिळतात कुठून?

प्रोजेक्टर आणि तबकडीचं चक्र एकाच मोटरवर. तबकडी सोळा इंची, मिनिटाला सव्वातेहतीसहून किंचित जास्त, म्हणजे ३३ १/३ फेरे, पुढे एलपी रेकॉर्डला तोच वेग आला. हजार फुटांचं रीळ चालायला अकरा मिनिटं लागत, तबकडीही तेवढीच. ती आतून बाहेर वाजे. आतल्या खोबणीत आवाज आधीच कमी स्पष्ट, म्हणून नव्या धारदार सुईने तिथून सुरुवात. ऑपरेटरने फिल्मची खुणेची चौकट प्रोजेक्टरच्या गेटमध्ये, म्हणजे भिंगापुढच्या खाचेत, बसवायची, सुई तबकडीवरच्या बाणावर टेकवायची. मधेच फिल्म तुटली तर जितक्या चौकटी गेल्या तितकीच काळी पट्टी मध्ये जोडायची. एखादी कमी पडली की ओठ एकीकडे, आवाज दुसरीकडे. तबकडीच्या लेबलवर चौकोन छापलेले असत, प्रत्येक खेळानंतर एकावर खूण. वीसेक वेळा वाजली की ती बाद.

ही झंझट नको म्हणून १९३०च्या सुमारास वॉर्नरनेही आवाज फिल्मवरच छापायला घेतला. मग तबकड्या टाकून दिल्या गेल्या. नंतर फिल्म सरकारी संग्रहात आणि तबकडी कुणाच्या तरी माळ्यावर, अशी ताटातूट. १९९१ साली तुमच्याच राज्यातल्या रॉन हचिन्सन आणि त्यांच्या रेकॉर्ड जमवणाऱ्या मित्रांनी ‘व्हायटाफोन प्रोजेक्ट’ सुरू केला. कुणाकडे कोणती तबकडी आहे याची यादी करायची, लायब्ररी ऑफ काँग्रेस आणि विद्यापीठांच्या संग्रहांतल्या मुक्या फिल्मशी ती जुळवायची. हचिन्सन २०१९मध्ये गेले. हे पदरमोड करून केलेलं काम आहे, आणि कराडच्या वाचकाच्या फोनवर फिल्म बोलतेय ती अशा लोकांमुळे. जोल्सनच्या १९२६च्या एका फिल्मची तबकडी फुटलेली सापडली होती. तुकडे चिकटवून, आवाज साफ करून ती उभी केली.

प्रश्न (मुंबई): या वादकांचं पुढे काय झालं?

हा प्रश्न विचारणारे स्वतः व्हायोलिन वाजवायचे असं त्यांनी लिहिलंय, म्हणून सरळ लिहितो. ज्या फिल्मने त्यांना टिपलं तिनेच त्यांची रोजी काढली. बँडची फिल्म एकदा काढली की ती शंभर गावांत एकदम लागणार, मग शंभर गावांतल्या थिएटरांनी बँड कशाला ठेवायचा? सिनेमागृहांत मूकपटांना साथ करणारे हजारो वादक दोन-तीन वर्षांत रस्त्यावर आले. त्यांच्या संघटनेने, अमेरिकन फेडरेशन ऑफ म्युझिशियन्सने, वर्तमानपत्रांत मोठमोठ्या जाहिराती दिल्या. त्यांत लोखंडी यंत्रमानव वाद्यं वाजवतोय, ‘डबाबंद संगीत’ नको, जिवंत संगीत मागा. लोकांनी ऐकलं नाही. त्यातच मंदी आली. १९३२ साली पॅलेसमध्येही निव्वळ व्हॉडव्हिल बंद पडून सिनेमा लागला.

आपण दोघांनी हे पाहिलंय. आधी चाळीसजणांचा ऑर्केस्ट्रा, मग कीबोर्ड आणि ऑक्टोपॅडवर दोघं, मग नुसता ट्रॅक लावून गाणारा एकटा. कंत्राटदार नाईटचे पैसे कमी करत गेला आणि एक दिवस फोन यायचा थांबला. त्या फिल्मांत कडेला बसलेला व्हायोलिनवाला बघताना मला हेच दिसतं. त्याला पुढच्या तीन वर्षांत काय होणार ते ठाऊक नाही आणि तो मन लावून वाजवतोय.

प्रश्न (सोलापूर): मी शाळेत संगीत शिकवते. मुलांना एकच फिल्म दाखवायची तर कोणती?

‘बेन पोलॅक अँड हिज पार्क सेंट्रल ऑर्केस्ट्रा’, व्हायटाफोन, १९२९. ट्रॉम्बोनवर जॅक टीगार्डन, क्लॅरिनेटवर बेनी गुडमन. गुडमन तेव्हा वीस वर्षांचा, अजून कुणी नाही. मुलं मोठी असतील तर जोडीला त्याच वर्षीची रेड निकल्स आणि त्याच्या फाइव्ह पेनीजची फिल्म लावा, तिच्यात पी वी रसेलचं क्लॅरिनेट आहे. एकच वाद्य दोन माणसं किती वेगळ्या तऱ्हेने धरतात ते मुलांना लगेच कळेल.

पहिल्यांदा आवाज बंद करून दाखवा. प्रत्येक मुलाला एक-एक वादक वाटून द्या, तुझा हा ट्रॉम्बोनवाला, तुझा तो ड्रमर, आणि पूर्ण फिल्म फक्त त्याच्याकडे बघायला सांगा. मग आवाज लावा आणि आपापल्या माणसाचा सूर शोधायला सांगा. वर्गात स्पीकर असेल तर तोच वापरा. फोनच्या छोट्या स्पीकरवर बेस ड्रम आणि ट्युबा ऐकूच येत नाहीत, आणि मग त्या दोघांना वाटून दिलेली मुलं बिचारी हिरमुसतात.